रेचल कार्सन : सावकाश भिनणाऱ्या विषाचा हिशेब मांडणारी शास्त्रज्ञ

पावसाने थोडी उघडीप दिली की जालना जिल्ह्यातल्या कापसाच्या शिवारांत पाठीवरचे पंप दिसू लागतात. अंबड, घनसावंगीची मोसंबी असो, कडवंचीची द्राक्षे असोत की भोकरदनकडचे सोयाबीन, फवारणीशिवाय हंगाम निघत नाही. शेतकरी त्या द्रवाला ‘औषध’च म्हणतो. कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा म्हणजे जहाल, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. हिरवा त्रिकोण दिसला की अनेकांना हायसे वाटते. हातमोजे बाजूला राहतात, रुमालही नाकावरून खाली येतो.

हा रंग ठरतो तो एकाच मोजमापावर. औषध एकदाच पोटात गेले किंवा कातडीला लागले, तर प्रयोगशाळेतील निम्मे प्राणी किती मात्रेत मरतात, हे ते मोजमाप. तेच औषध थेंबाथेंबाने दहा-वीस वर्षे शरीरात जात राहिले तर काय होईल, हे त्या त्रिकोणावरून कळत नाही. आजची विषबाधा आणि वीस वर्षांनंतरची विषबाधा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीच्या आकड्यावरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही, ही गोष्ट जगभरच्या सामान्य वाचकांपर्यंत पोहोचवली ती एका सरकारी नोकरी केलेल्या प्राणिशास्त्रज्ञ महिलेने. त्यांचे नाव रेचल कार्सन.

नदीकाठची मुलगी

रेचल कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, ॲलेगनी नदीकाठच्या स्प्रिंगडेल गावी झाला. घरची जमीन साठ-पासष्ट एकर, पण परिस्थिती बेताचीच. तीन भावंडांत त्या धाकट्या. आई मारिया यांना निसर्गाची आणि वाचनाची ओढ होती. पक्षी, किडे, झाडे ओळखायला त्यांनीच लेकीला शिकवले. वयाच्या अकराव्या वर्षी रेचल यांची गोष्ट मुलांच्या एका नावाजलेल्या मासिकात छापून आली. मोठेपणी लेखिका व्हायचे, हे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकले होते.

पिट्सबर्गच्या महिला महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी साहित्य घेतले. तिथे मेरी स्किंकर नावाच्या प्राध्यापिकेने शिकवलेल्या जीवशास्त्राने त्यांना असे खेचले की त्यांनी विषयच बदलला. १९२९ मध्ये पदवी आणि १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्रातील पदव्युत्तर पदवी मिळाली. पुढे डॉक्टरेट करायची होती, पण तो महामंदीचा काळ होता आणि घर चालवायचे होते. १९३५ मध्ये वडील गेले. सरकारच्या मत्स्य विभागात त्यांनी रेडिओसाठी मत्स्यजीवनावरच्या संहिता लिहायला सुरुवात केली आणि १९३६ मध्ये त्याच विभागात कनिष्ठ जलजीवशास्त्रज्ञ म्हणून पूर्णवेळ नोकरी मिळवली. पुढल्याच वर्षी मोठी बहीण वारली आणि तिच्या दोन मुलींची जबाबदारी रेचल आणि त्यांच्या आईवर आली. दिवसा कार्यालय, रात्री लेखन, असा क्रम पंधराएक वर्षे चालला.

डीडीटीचे वैभव

याच काळात डीडीटी जगासमोर आले. हे रसायन १८७४ मध्येच तयार झाले होते, पण त्याने कीटक मरतात हे स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये दाखवले. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील नेपल्स शहरात उवांमुळे पसरणाऱ्या टायफसची साथ माणसांच्या अंगावर डीडीटीची भुकटी मारून आटोक्यात आली. भुकटी अंगावर पडूनही कुणी आजारी पडले नाही. म्युलर यांना १९४८ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्या रसायनाने लाखो जीव वाचवले, त्यावर संशय घेणे त्या वेळी वेडेपणाचेच वाटले असते.

तात्काळ विषारीपणाच्या मोजमापातही डीडीटी फारसे भयंकर दिसत नव्हते. हे मोजमाप १९२७ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ ट्रेव्हन यांनी मांडले. ठरावीक मात्रा एकदाच द्यायची, प्राण्यांवर साधारण दोन आठवडे लक्ष ठेवायचे आणि निम्मे प्राणी ज्या मात्रेत मरतात ती लिहून ठेवायची. या मात्रेला ‘एलडी ५०’ म्हणतात. आकडा जितका लहान, तितके विष जहाल. उंदरांमध्ये डीडीटीची ही मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे ११३ मिलिग्रॅम आहे. त्याच काळात आलेल्या पॅराथिऑनची मात्रा मात्र जेमतेम काही मिलिग्रॅम. आपल्याकडच्या आजच्या त्रिकोणांत बसवायचे तर पॅराथिऑन लाल आणि डीडीटी पिवळा.

आता दुसरी बाजू. पॅराथिऑन मज्जासंस्थेवर तात्काळ घाला घालते, पण उन्हापावसात ते तुलनेने लवकर विघटित होते. डीडीटी मातीत वर्षानुवर्षे टिकते, पाण्यात विरघळत नाही, चरबीत मात्र सहज विरघळते. शरीरात गेलेले डीडीटी चरबीत साठत राहते आणि आईच्या दुधातून बाळापर्यंत पोहोचते. पहिल्या यादीत सौम्य ठरलेले रसायन दुसऱ्या यादीत वरच्या क्रमांकावर जाते ते असे. अडचण एवढीच की त्या काळी दुसरी यादी नीट तयारच नव्हती. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सरकारी आरोग्य सेवेने तुरुंगातील स्वयंसेवकांना महिनोन् महिने डीडीटी खायला दिले. त्यांच्यात आजाराची लक्षणे दिसली नाहीत. हा निष्कर्ष सुरक्षिततेचा पुरावा म्हणून पुढे केला जाई. पण ते सारे निरोगी प्रौढ पुरुष होते आणि काळ होता जास्तीत जास्त दीड वर्षाचा. गर्भातले बाळ, वाढत्या वयाची मुलगी किंवा पंचवीस वर्षांनंतर होणारा कर्करोग यांविषयी त्यातून काहीच कळत नव्हते.

कार्सन यांच्या विभागातील शास्त्रज्ञ मेरिलँडमध्ये डीडीटीचे मासे आणि पक्ष्यांवरील परिणाम तपासत होते. त्यांचे अहवाल कार्सन यांच्या टेबलावरून जात. १९४५ मध्ये त्यांनी या विषयावर लेख लिहिण्याचा प्रस्ताव ‘रीडर्स डायजेस्ट’ला पाठवला. मासिकाने तो नाकारला. कार्सन पुन्हा समुद्राकडे वळल्या, पण विषय डोक्यातून गेला नाही.

समुद्राने दिलेले नाव

१९५१ मध्ये त्यांचे समुद्रावरचे दुसरे पुस्तक ‘द सी अराउंड अस’ आले आणि त्या एकदम देशभर प्रसिद्ध झाल्या. ते ८६ आठवडे खपाच्या यादीत राहिले, त्याला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. १९५२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. तोवर त्या विभागाच्या प्रकाशनांच्या मुख्य संपादक झाल्या होत्या. आपण काय लिहायचे हे ठरवायला आता कोणाची परवानगी लागणार नव्हती, आणि पुढे जे होणार होते त्यासाठी हे स्वातंत्र्य फार गरजेचे ठरले. घरची जबाबदारी मात्र सुटली नाही. १९५७ मध्ये त्यांची भाची वारली. तिच्या पाच वर्षांच्या मुलाला, रॉजरला, अविवाहित कार्सन यांनी पन्नाशीत दत्तक घेतले.

१९५८ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधील त्यांच्या परिचयाच्या ओल्गा हकिन्स यांचे पत्र आले. डासांसाठी विमानातून डीडीटी फवारल्यावर त्यांच्या आवारातील पक्षी तडफडून मेले होते. कार्सन यांनी माहिती गोळा करायला घेतली आणि छोट्या लेखाचे चार वर्षांचे काम झाले. त्यांनी शेकडो शोधनिबंध वाचले, डॉक्टर, पक्षी अभ्यासक, कर्करोग संशोधक यांच्याशी पत्रव्यवहार केला. प्रत्येक विधानाला आधार असावा, यावर त्यांचा कटाक्ष होता. अंतिम पुस्तकात संदर्भांचीच पन्नासेक पाने भरली.

या कामात त्यांना सापडलेले कॅलिफोर्नियातील क्लिअर लेकचे उदाहरण आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवण्यासारखे आहे. या तलावावर चिलटांचा त्रास होता. १९४९ मध्ये डीडीटीचे सौम्य भावंड असलेले डीडीडी पाण्यात सोडले गेले. प्रमाण अगदी नगण्य, सुमारे सात कोटी भाग पाण्यात एक भाग. मासे मेले नाहीत. तात्काळ चाचणीच्या दृष्टीने काम चोख झाले. चिलटे परत आली तेव्हा १९५४ आणि १९५७ मध्ये प्रमाण थोडे वाढवून पुन्हा औषध सोडले. त्यानंतर तलावावरचे ग्रीब नावाचे पाणपक्षी मरू लागले. कोणताही संसर्ग सापडला नाही. अखेर कुणीतरी त्यांची चरबी तपासली. तिच्यात डीडीडीचे प्रमाण दहा लाख भागांत १,६०० भाग इतके होते. पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींत ते पाच भाग होते, वनस्पती खाणाऱ्या माशांत चाळीस ते तीनशे, मासे खाणाऱ्यांत त्याहून कितीतरी जास्त. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर विष दाट होत गेले होते. पाण्याचा नमुना घेऊन मोजणाऱ्याला ते दिसलेच नसते.

दुसरे उदाहरण मिशिगनमधले. एल्म झाडांचा रोग पसरवणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी डीडीटी फवारले गेले. पाने गळली, ती गांडुळांनी खाल्ली, गांडुळे रॉबिन पक्ष्यांनी खाल्ली. फवारणी झाली तेव्हा पक्ष्यांना काही झाले नाही. ते मेले पुढच्या वसंतात. कारण आणि परिणाम यांच्यात एक हिवाळा गेला होता, म्हणून लोकांना संबंध कळत नव्हता. पुस्तकाचे नाव ‘सायलेंट स्प्रिंग’, म्हणजे पक्ष्यांचा आवाज नसलेला वसंत, यातूनच आले.

स्वतःचा आजार

पुस्तकाचे काम जोरात असताना, १९६० मध्ये कार्सन यांच्या स्तनात गाठ आढळली. शस्त्रक्रिया झाली, स्तन काढला गेला. पण गाठ कर्करोगाची आहे हे शल्यविशारदाने त्यांना स्पष्ट सांगितले नाही. त्या काळी रुग्णाला, विशेषतः स्त्री रुग्णाला, असे सांगण्याची पद्धत नव्हती. पुढील उपचारही सुचवले गेले नाहीत. काही महिन्यांनी आजार पसरल्याचे दिसले, तेव्हा त्यांनी क्लीव्हलँडच्या डॉ. जॉर्ज क्राइल यांचा सल्ला घेतला आणि खरे काय ते त्यांना कळले. क्ष-किरण उपचार, त्यानंतरची मळमळ, सांध्यांची सूज, डोळ्यांचा त्रास, या सगळ्यात त्यांनी प्रकरणे पूर्ण केली.

आजाराची बातमी त्यांनी मोजक्या माणसांपलीकडे जाऊ दिली नाही. त्यांच्या पुस्तकात कर्करोग आणि रसायने यांवर स्वतंत्र लेखन होते. स्वतःच्या आजारामुळे बाई सूडबुद्धीने लिहीत आहेत, असे म्हणायला विरोधकांना वाव मिळू नये, हा त्यांचा हेतू होता. त्यांचा कर्करोग कशामुळे झाला हे कोणीही सांगू शकत नाही, आणि त्यांनीही तसा दावा कधी केला नाही. दीर्घकालीन विषारीपणाची खरी कठीण जागा हीच आहे. विषप्राशन केलेल्या रुग्णाच्या शेजारी बाटली सापडते. वीस वर्षांनी झालेल्या गाठीशेजारी काहीच सापडत नाही. एका माणसाकडे पाहून उत्तर मिळत नाही. त्यासाठी हजारो माणसांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात.

वादळ आणि चौकशी

‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ च्या जूनपासून ‘न्यूयॉर्कर’मध्ये क्रमशः छापले गेले आणि २७ सप्टेंबरला पुस्तकरूपाने आले. कीटकनाशक उद्योगाने जोरदार हल्ला चढवला. एका कंपनीने प्रकाशकाला खटल्याची धमकी दिली. कार्सन यांचे ऐकले तर जग पुन्हा कीड आणि साथीच्या युगात जाईल, असा प्रचार झाला. त्या अविवाहित असल्याचा, डॉक्टरेट नसल्याचाही उल्लेख होई. १९६३ च्या एप्रिलमध्ये सीबीएस वाहिनीने त्यांच्यावर कार्यक्रम केला तेव्हा काही जाहिरातदारांनी माघार घेतली. पडद्यावर मात्र शांतपणे, मोजून बोलणारी एक थकलेली बाई लोकांना दिसली.

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीने चौकशी केली. मे १९६३ च्या तिच्या अहवालाने कार्सन यांची मुख्य मांडणी मान्य केली आणि दीर्घकाळ टिकून राहणारी विषारी कीटकनाशके हळूहळू बंद करणे हेच ध्येय असावे, असे सुचवले. जूनमध्ये कार्सन यांनी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, मेरिलँडमधील घरी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात १ जानेवारी १९७० रोजी अमेरिकेत राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा झाला. प्रकल्प उभारण्याआधी त्याचा पर्यावरणावरील परिणाम लेखी मांडण्याची सक्ती यातून आली. त्याच वर्षी पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली आणि १९७२ मध्ये तिने डीडीटीचा शेतीतील वापर थांबवला. दीर्घकालीन पुरावा मात्र सावकाशच गोळा होत गेला. कॅलिफोर्नियात १९५९ ते १९६७ दरम्यान गरोदर स्त्रियांचे रक्त साठवून ठेवले होते. ज्यांच्या रक्तात डीडीटी जास्त होते आणि ज्या लहान वयातच त्याच्या संपर्कात आल्या होत्या, त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या वयात संपर्क आलेल्या स्त्रियांच्या इतर काही अभ्यासांत असा संबंध दिसला नव्हता. विष किती, यासोबत कोणत्या वयात, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये डीडीटीला बहुधा कर्करोगकारक या गटात टाकले.

मलेरियाचा आक्षेप

कार्सन यांच्यामुळे डीडीटी बंद झाले आणि मलेरियाने माणसे मेली, असा आरोप आजही होतो. भारताचा अनुभव वेगळे सांगतो. १९५३ मध्ये मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. डीडीटीच्या घरोघरच्या फवारणीने १९६५ पर्यंत ही संख्या लाखाच्या आसपास आली. त्यानंतर १९७६ मध्ये ती चौसष्ट लाखांवर गेली, आणि तेव्हा भारतात डीडीटीवर बंदी नव्हती. ढिलाई, अपुरा पुरवठा आणि डासांमध्ये आलेली प्रतिकारशक्ती ही त्यामागची कारणे होती. भरमसाट वापराने कीटक औषधाला दाद देईनासे होतात, हा इशारा कार्सन यांच्याच पुस्तकात आहे. सगळी कीटकनाशके बंद करा, असे त्यांनी म्हटले नव्हते. भारताने १९८९ मध्ये डीडीटीचा शेतीतील वापर बंद केला आणि रोगनियंत्रणासाठी तो मर्यादित ठेवला.

जालन्यासाठी याचा अर्थ

महाराष्ट्राने तात्काळ विषबाधेचे भीषण रूप २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पाहिले. कापसावर फवारणी करणारे शेकडो शेतकरी आणि मजूर रुग्णालयात दाखल झाले, अनेकांचा मृत्यू झाला. केरळमधील कासारगोडने दुसरे रूप पाहिले. तिथे काजूच्या बागांवर वीसहून अधिक वर्षे हवेतून एंडोसल्फान फवारले गेले आणि आजूबाजूच्या गावांतील मुलांमधील व्यंग आणि आजार देशभर चर्चेत आले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली. पहिल्या घटनेत काही तासांत रुग्णवाहिका आली. दुसरीत प्रश्न विचारायलाच दोन दशके गेली.

जालना बियाण्यांसाठी ओळखला जातो, तसाच सळईच्या कारखान्यांसाठीही. मोठा रासायनिक किंवा धातूचा प्रकल्प येणार असेल तर २००६ च्या अधिसूचनेनुसार बहुतेक वेळा पर्यावरणीय परिणामांचा अहवाल आणि जनसुनावणी लागते. सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात येते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. तो वाचताना विषारीपणाचा आकडा दिसला की तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, चाचणी किती काळ चालली. माशांवर ९६ तास आणि पाण्यातील डॅफ्निया या बारीक जिवावर ४८ तास, या तात्काळ चाचण्या. डॅफ्नियावर २१ दिवस, उंदरांवर दोन वर्षे, या दीर्घकालीन. दुसरी, मोजले काय. फक्त मृत्यू मोजला असेल तर ते अर्धेच उत्तर. वाढ, प्रजनन, पिल्लांमधील दोष, गाठी हेही मोजले आहे का? तिसरी, संपर्क कसा येणार. टँकर उलटला, टाकी फुटली, तर तात्काळ आकडा कामाचा, कारण त्यावर रुग्णालयाची तयारी ठरते. पण कुंडलिका किंवा दुधना नदीत रोज थोडे पाणी जाणार असेल, चिमणीतून रोज धूर आणि धूळ येणार असेल, तर दीर्घकालीन आकडाच हवा. रोजच्या सांडपाण्याच्या सुरक्षिततेसाठी ९६ तासांत मासे मेले नाहीत हा पुरावा दिला जात असेल, तर क्लिअर लेकचे मासेही मेले नव्हते, हे आठवावे. दीर्घकालीन अभ्यास झालेलाच नसेल तर अहवालात तसे स्पष्ट लिहिलेले असावे. अभ्यास न होणे आणि धोका नसणे यांत फार अंतर आहे.

शेतात फवारणाऱ्यांसाठी नियम साधे आहेत. लाल-पिवळ्या त्रिकोणाच्या औषधाने फवारणीच्या दिवशीच घाम, लाळ, उलटी, धूसर दिसणे, श्वास लागणे सुरू झाले तर कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि डबा सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे. हिरव्या-निळ्या त्रिकोणाच्या औषधालाही हातमोजे, मुखपट्टी, पूर्ण बाह्या आणि फवारणीनंतर अंघोळ हवीच. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. रिकामा डबा पाण्यासाठी किंवा धान्यासाठी वापरू नये. गरोदर स्त्रिया आणि मुले यांना फवारणीपासून लांब ठेवावे, मग त्रिकोण कोणत्याही रंगाचा असो.